डिपर कसा द्यायचा, आणि "पुढे मामा आहेत" कधी सांगायचं नाही

समोरून येणारी गाडी दोनदा डिपर मारते, म्हणजे हेडलाईट लुकलुकवते. पौड रोड असो, सासवड रोड असो नाहीतर पानशेतचा रस्ता, पुण्याच्या माणसाच्या डोक्यात पहिला विचार एकच, पुढे मामा, म्हणजे ट्रॅफिक पोलिस, उभे आहेत. मग हात आपोआप बेल्टकडे जातो, मांडीवरचा मोबाईल खाली जातो, टू व्हीलरवाला आरशाला अडकवलेलं हेल्मेट डोक्यात घालतो, आणि ज्याचं सगळं बरोबर आहे तो म्हणतो आपल्याला काय भीती, आणि आहे त्याच स्पीडने पुढे जातो. हे सगळं लिहितोय ते या शेवटच्या माणसासाठी, कारण तो माणूस मी होतो.

दोन वर्षांपूर्वी जुलैमध्ये आम्ही ताम्हिणीला निघालो होतो, मी, बायको आणि मुलगी. मुळशी मागे पडलं, पाऊस असा की वायपर फुल्ल ठेवूनही पुढचं नीट दिसेना, गाडी पन्नासच्या आसपास. समोरून एकापाठोपाठ तीन गाड्यांनी डिपर दिला. बायको म्हणाली, "अहो, काहीतरी सांगतायत ते." मी म्हटलं चेकिंग असेल गं, शनिवार आहे, बेल्ट लावलेत, पीयूसी आहे, इन्शुरन्स आहे, जाऊ दे. स्पीड अजिबात कमी केला नाही. वळण घेतलं आणि समोर माझ्या बाजूचा अर्धा रस्ता अडवून पिकअप आडवी पडलेली, दुधाचे कॅन रस्ताभर, एका कॅनमधून दूध अजून भळाभळा वाहत होतं आणि पावसाच्या पाण्याबरोबर तो पांढरा ओहोळ सरळ माझ्या गाडीकडे येत होता. ब्रेकवर उभाच राहिलो, पेडल पायाखाली थरथरलं, गाडी पिकअपपासून दोन हातांवर थांबली. आणि मग मागून धाडकन आवाज आला.

मागचा बाईकवाला मुलगा आमच्या डिकीवर आदळला होता. वय असेल वीस-बावीस. मनगट मोडलं, बाकी हेल्मेटमुळे वाचला. रस्त्याच्या कडेला दगडावर पावसात बसून, तो हात दुसऱ्या हातात धरून, तो मला म्हणाला, "काका, मला पण डिपर दिले होते त्यांनी. मला वाटलं पोलिस आहेत, माझ्याकडे हेल्मेट होतं म्हणून मी स्लो नाही केली."

म्हणजे तीन भल्या माणसांनी आम्हाला वेळेवर सांगितलं होतं आणि आम्ही दोघांनी त्याचा एकच अर्थ लावला. तेव्हापासून मी डिपर कसा द्यायचा, कधी द्यायचा आणि मिळाला तर काय करायचं हे भेटेल त्याला सांगत असतो. आज नीट लिहून काढतो.

आधी डिपर मिळाला तर काय करायचं ते, कारण द्यायची वेळ कधीतरीच येते पण मिळतो रोज. समोरच्याने डिपर दिला की कारण शोधत बसायचं नाही. पाय ॲक्सिलरेटरवरून काढायचा, लगेच ब्रेकवर आपटायचा नाही, आधी आरशात बघायचं मागे कोण किती जवळ आहे ते. मग हलकेच ब्रेक, दोन्ही हात स्टिअरिंगवर, आणि पुढची दीड-दोन किलोमीटर गाडी अशी चालवायची की प्रत्येक वळणामागे काहीतरी पडलंय. गाय असेल, दरड असेल, उसाची ट्रॉली पलटी झाली असेल, झाड असेल, रॉंग साईडने कोणी येत असेल. कधी तुमचीच हेडलाईट दिवसा चालू राहिलेली असेल किंवा डिकी उघडी असेल, तेही लोक डिपर मारूनच सांगतात, म्हणून एक नजर डॅशबोर्डवर पण टाका. आणि पुढे खरंच मामा असतील तर उत्तम, तुमचा स्पीड आधीच कमी झालेला आहे. यात तुमचं काहीच जात नाही, दोन मिनिटं गेली तर गेली.

स्पीडचं गणित एकदा नीट समजून घ्या म्हणजे मी एवढं का सांगतोय ते कळेल. ताशी 60 ला गाडी सेकंदाला साधारण 17 मीटर जाते, 100 ला जवळजवळ 28 मीटर. समोरचं दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरा, म्हणजे 100 ला ब्रेक लागायच्या आधीच 40 मीटर संपले. कोरड्या रस्त्यावर, चांगल्या टायरवर, पूर्ण थांबेपर्यंत 60 ला साधारण 45 मीटर लागतात आणि 100 ला शंभरच्या आसपास. ओल्या रस्त्यावर याहून जास्त. स्पीड दुप्पट झाला की नुसतं ब्रेकचं अंतर चौपट होतं, हे कोणत्याही गाडीला आणि कोणत्याही ड्रायव्हरला चुकलेलं नाही. म्हणून समोरच्याने वळणाआधी दिलेला डिपर लाखमोलाचा असतो, तुम्हाला न दिसणारे दोनशे मीटर तो दाखवत असतो.

आता द्यायचा कसा. सिंगल रोडवर, म्हणजे मध्ये डिव्हायडर नसलेल्या रस्त्यावर, समोरची गाडी दीडशे-दोनशे मीटरवर असताना दोन छोटे डिपर, टक टक, बास. स्टिअरिंगजवळची लाईटची दांडी ओढून धरून ठेवायची नाही. रात्री तर अजिबात नाही, अप्पर, म्हणजे हेडलाईटचा वरचा झोत, डोळ्यात गेला की समोरच्याला पुढचे काही सेकंद धड दिसत नाही, आणि तेवढ्यात तो साठ-सत्तर मीटर आंधळा चालवतो, म्हणजे सावध करायच्या नादात आपणच अपघात घडवला. अगदी जवळ आल्यावर दिलेला डिपर पण फुकट, तोपर्यंत तो तुमच्या बाजूने निघून गेलेला असतो. आणि डिपरच्या जोडीला हात वापरा, ही माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे. दिवसा खिडकीतून हात बाहेर काढून तळहात खाली, दोन-तीनदा हळूहळू खाली दाबल्यासारखा. हे कोणालाही कळतं, एसटीच्या ड्रायव्हरला कळतं, ट्रॅक्टरवाल्याला कळतं, आणि त्याचा अर्थ फक्त एक, हळू. त्यात पोलिस नाही, हेल्मेट नाही, काही नाही. नुसता डिपर दहा गोष्टी सांगतो म्हणून शेवटी एकही नीट सांगत नाही, तळहात एकच सांगतो.

हायवेवर मात्र हा प्रकार विसरा. सातारा रोडला किंवा सोलापूर रोडला मध्ये डिव्हायडर, त्यात झाडं, पलीकडच्या लेनला डिपर देऊन काही उपयोग नाही, तुमचंच लक्ष रस्त्यावरून उडतं. तिथे सांगायचं ते मागच्याला. पुढचा ट्रॅफिक अचानक तुंबलेला दिसला की ब्रेक एकदम दाबायच्या आधी दोन-तीनदा हलका टच करा म्हणजे मागे ब्रेक लाईट लुकलुकते, आणि लगेच पार्किंग लाईट, म्हणजे चारी इंडिकेटर. मागच्याचा स्पीड कमी झाला हे आरशात दिसलं की पार्किंग लाईट बंद. थांबल्यावर पुढच्या गाडीच्या पार्श्वभागाला चिकटू नका, थोडी जागा ठेवा आणि मागून कोणी सुसाट येतंय का ते बघत राहा.

ही सवय कुठे कामाला येते ते पुणेकराला सांगायला नको. नव्या कात्रज बोगद्यातून बाहेर पडून नऱ्हे-आंबेगाववरून नवले पुलाकडे येणारा उतार. 20 नोव्हेंबर 2022 ला रात्री तिथे एका ट्रकने एकामागोमाग गाड्यांना धडक दिली आणि कितीतरी गाड्यांचं नुकसान झालं. त्यानंतरही तिथे माणसं गेली आहेत. लांबलचक उतार आहे, जड गाड्या डिझेल वाचवायला न्यूट्रल करून सोडतात, मग इंजिनाचा रोध मिळत नाही, सगळा भार एकट्या ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि धरेनासे होतात. त्या उतारावर पोलिस वेग मोजायची स्पीड गन लावून उभे असतील तर मी तरी एकाही गाडीला कळवणार नाही. तिथे स्पीडने उतरणारा ट्रक पकडला गेलाच पाहिजे. वेगमर्यादा तिथे वेळोवेळी बदलून कमी केली आहे, म्हणून जुन्या आठवणीवर जाऊ नका, त्या दिवशी लावलेला बोर्ड वाचा आणि तेवढ्यानेच उतरा, तेही गिअरमध्ये.

इथे मूळ प्रश्नावर येतो. स्पीड गन दिसली तर समोरच्यांना सांगायचं का?

माझ्या ओळखीतले बरेच जण म्हणतात सांगायचंच, त्याने गाडी हळू होते, आणि पोलिसांना तरी दुसरं काय हवंय. हा मुद्दा अगदीच खोटा नाही. उलट सरकारच्या नियमातच सावध करायची सोय आहे हे फार कमी लोकांना माहीत असतं. केंद्रीय मोटार वाहन नियमात 2021 साली 167ए हा नियम आला, त्यात लिहिलंय की जिथे कॅमेरा किंवा स्पीड गनसारखं उपकरण लावून नजर ठेवली जाते त्या पट्ट्याच्या आधी लोकांना दिसेल असा बोर्ड लावायचा. म्हणजे पुढे स्पीड चेक होतोय ही काही चोरून ठेवायची गोष्ट नाही. लोकांना आधी सांगून हळू करायला लावणं हाच त्याचा हेतू आहे.

पण बोर्ड आणि डिपर यात फरक आहे. बोर्ड सगळ्यांना सांगतो की या पट्ट्यात कधीही मोजलं जाईल, म्हणून माणूस रोज हळू जातो. डिपर सांगतो आत्ता, इथे, पाचशे मीटर. मग लोक पाचशे मीटर सत्तरने जातात, मामांना बघून मान हलवतात, आणि पुढच्या वळणानंतर परत एकशेवीस. सवय काहीच बदलत नाही. आणि दुसरं, जे मला ताम्हिणीत कळलं, पोलिसांसाठी रोज डिपर वापरून वापरून आपण त्याचा अर्थच घालवून बसलोय. खरा धोका असतो तेव्हा समोरचा तुमच्याकडे बघून सीटबेल्ट चाचपतो आणि तसाच जातो. म्हणून मी माझ्यापुरतं ठरवलंय, डिपर फक्त धोक्यासाठी. समोरून कोणी खरंच अंगावर आल्यासारखा हाणत असेल तर तळहाताने हळू म्हणून खुणावतो, पुढे पोलिस असोत नसोत, कारण त्या माणसाला हळू जायची गरज आहे हे मला दिसतंय.

नाकाबंदीबद्दल मात्र माझं मत पक्कं आहे, यात दोन बाजू नाहीत. रात्री बॅरिकेड लावून चेकिंग चालू असेल तर कोणालाही सांगू नका, डिपरने नाही, हाताने नाही, ग्रुपवर नाही. अंधारात समोरून येणाऱ्या गाडीत कोण आहे हे तुम्हाला माहीत नसतं. पिऊन चालवणारा असू शकतो, गाडी चोरून नेणारा असू शकतो, कोणाला तरी ठोकून पळालेला असू शकतो. दारूसाठीची कायद्याची मर्यादा 100 मिलीलीटर रक्तात 30 मिलीग्रॅम आहे, पहिल्याच वेळी 10 हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि हे उगाच ठेवलेलं नाही. तुमच्या एका मेसेजमुळे तो गल्लीतून वळून गेला आणि पुढच्या चौकात फुटपाथवर झोपलेल्या कोणाच्या अंगावर गाडी घातली तर तो मेसेज आयुष्यभर डोक्यातून जाणार नाही.

कायद्याचं पण थोडं सांगतो कारण हा प्रश्न नेहमी येतो. स्पीड जास्त असेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम 183 लागतं, 2019 च्या दुरुस्तीनंतर कार-टू व्हीलरसारख्या हलक्या गाड्यांना 1000 ते 2000 आणि जड गाड्यांना 2000 ते 4000 दंड. बेदरकार चालवणं हे वेगळं, कलम 184, त्यात कैदसुद्धा आहे, आणि चालवताना हातात मोबाईल धरणं त्याच कलमात येतं. सावध करणाऱ्याबद्दल म्हणाल तर पोलिसांच्या कामात अडथळा आणणं हा गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम 221, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 2500 पर्यंत दंड. मोटार वाहन कायद्यात पण कलम 179 आहे, अधिकाऱ्याचं न ऐकणं किंवा त्याला अडवणं, 2000 पर्यंत दंड. म्हणून चेकिंगच्या अलीकडे गाडी लावून येणाऱ्या-जाणाऱ्यांना परत पाठवायचं काम करू नका. बाहेरच्या देशांतही यावरून कोर्टापर्यंत भांडणं गेली आहेत, अमेरिकेत मिसूरी राज्यात 2014 साली फेडरल जजने डिपर देणं हा बोलण्याच्या स्वातंत्र्याचा भाग आहे म्हणून ड्रायव्हरच्या बाजूने निकाल दिला, तर जर्मनीत चालवताना स्पीड कॅमेरे दाखवणारं ॲप वापरायलाच बंदी आहे. आपल्याकडे त्यांचे निकाल चालत नाहीत, पण प्रश्न सगळीकडे तोच आहे एवढं कळतं.

स्पीड गनबद्दल एक गैरसमज दूर करतो. लोकांना वाटतं मामा दिसले की ब्रेक मारायचा, सुटलो. हायवेवर उभ्या असलेल्या पोलिसांच्या इंटरसेप्टर गाडीतली लेझर गन बारीक किरण सोडते, तो तुमच्या गाडीवर आपटून परत येतो, अर्ध्या सेकंदाच्या आत कितीतरी वेळा अंतर मोजून त्यावरून वेग निघतो. किरण बारीक असल्यामुळे गर्दीतली नेमकी एक गाडी टिपता येते, आणि हे काही शे मीटरवरून होतं. तुम्हाला ती पांढरी गाडी झाडाखाली दिसेपर्यंत आकडा आलेला असतो. म्हणजे तेव्हा कचकन ब्रेक मारून चलन तर वाचत नाहीच, मागचा मात्र तुमच्यावर येऊन आदळतो. असे ब्रेक मारणारे मी खंबाटकीच्या अलीकडे आणि वाकडच्या पुढे कित्येकदा बघितलेत, तीन लेनचा ट्रॅफिक एकदम आकसतो. दिसली तर दिसली, पाय हळूच काढा, आहे त्या लेनमध्येच राहा.

पुणे-मुंबई एक्सप्रेसवेवर तर डिपर, ग्रुप, ॲप सगळंच निरुपयोगी झालंय. 2024 पासून तिथे आयटीएमएस नावाची कॅमेऱ्यांची यंत्रणा चालू आहे, त्यात एका जागचा स्पीड मोजला जातोच, वर कॅमेऱ्याच्या दोन कमानींमधला सरासरी वेगसुद्धा काढला जातो. सपाट भागात कारला 100 ची मर्यादा आहे, म्हणजे 10 किलोमीटरला तुम्हाला कमीत कमी सहा मिनिटं लागायलाच हवीत. पाच मिनिटांत पोचलात तर सरासरी 120 झाली, मग कमानीखाली तुम्ही 80 ने गेलात तरी काय उपयोग. घाटात मर्यादा याहून बरीच कमी आहे, बोर्ड बघा. सोपा उपाय एकच, सपाटीला क्रूझ कंट्रोल असेल तर 95 ला लावा आणि निवांत बसा, घाट सुरू झाला की काढा. पुणे ते मुंबई 94.5 किलोमीटरचा हा रस्ता, 100 ऐवजी 120 ने गेलात तर कागदावर नऊ-दहा मिनिटं वाचतात, आणि ती सगळी वाशीच्या ट्रॅफिकमध्ये परत जातात.

शहरात मर्यादा किती हे विचारलं तर बहुतेकांना सांगता येत नाही, म्हणून लिहून ठेवतो. केंद्राने 2018 मध्ये ठरवलेली कमाल मर्यादा कारला एक्सप्रेसवेवर 120, डिव्हायडर असलेल्या चार पदरी रस्त्यावर 100, महापालिका हद्दीत 70. टू व्हीलरला चार पदरी रस्त्यावर 80 आणि शहरात 60. ही वरची टोकं आहेत, राज्य सरकार आणि पोलिस प्रत्येक रस्त्याला याहून कमी ठेवू शकतात आणि ठेवतात, त्यामुळे शेवटी खरा तो खांबावरचा बोर्ड.

व्हॉट्सॲप ग्रुप. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सकाळी साडेआठला सुरू होतं, "चांदणी चौक उतरताना मामा", "युनिव्हर्सिटी चौकात हेल्मेट चालू आहे". हे टाकणारा बरेचदा गाडी चालवता चालवता टाकत असतो, एका हाताने. हे बंद करा, खरंच बंद करा. आणि ती माहिती अर्ध्या तासात शिळी होते, मामा दुसऱ्या चौकात गेलेले असतात. त्यापेक्षा ग्रुपचा चांगला उपयोग मी सांगतो आणि आमच्याकडे तो आता थोडाफार रुळलाय. टाकायचं ते असं: काय झालंय, नेमकं कुठे, कोणत्या दिशेला, किती वाजता. "सकाळी 8.40, वारजे पुलाच्या आधी, मुंबईकडे जाताना, डाव्या लेनमध्ये ऑईल सांडलंय, टू व्हीलर घसरतायत." असा मेसेज आला तर दहा जण घसरण्यापासून वाचतात. टाकायचा तो शेजारी बसलेल्याने, नाहीतर गाडी कडेला घेऊन. मोकळं झालं की परत टाका की आता क्लिअर आहे, हे कोणीच करत नाही आणि मग लोक दिवसभर उगाच लांबून जातात. गुगल मॅप्सवर पण नेव्हिगेशन चालू असताना अपघात, बंद रस्ता, रस्त्यावर पडलेली वस्तू असं रिपोर्ट करता येतं, तेही शेजारच्याला करू द्या.

आणि फोन करा. लोक डिपर मारतात, ग्रुपवर टाकतात, पण फोन कोणी करत नाही. अपघात, पडलेली दरड, भर रस्त्यात बंद पडलेला ट्रक, सगळ्यासाठी 112. नॅशनल हायवेवर असाल तर 1033. कोणी जखमी असेल तर 108. जागा सांगताना जवळचा किलोमीटरचा दगड किंवा पुलाचं नाव सांगा, आणि दिशा सांगा, साताऱ्याकडे जाताना का पुण्याकडे येताना, कारण डिव्हायडरमुळे चुकीच्या बाजूला आलेली ॲम्ब्युलन्स पुढच्या कटपर्यंत जाऊन वळून येते. ताम्हिणीत रेंज नव्हती, आम्ही एका जीपवाल्याला थांबवून सांगितलं आणि त्याने खाली जाऊन फोन लावला. मदत करायला घाबरू नका, 2019 पासून मोटार वाहन कायद्यात 134ए कलम आहे, चांगल्या मनाने मदत करणाऱ्यावर त्या मदतीबद्दल केस होत नाही.

चलन आलंच तर तेही सांगतो, थोडक्यात. महाट्रॅफिकॲपवर किंवा ई-चलनच्या सरकारी साईटवर गाडीचा नंबर टाकून बघा, फोटो उघडा, नंबर प्लेट तुमचीच आहे का, मोजलेला स्पीड, तारीख, वेळ, ठिकाण. 167ए प्रमाणे हे सगळं दाखवावं लागतं. चूक वाटली तर तिथेच तक्रार टाकता येते. व्हॉट्सॲपवर आरटीओ चलन अशा नावाची एपीके फाईल, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाईल, आली तर ती उघडू नका, तो पैसे लुटायचा धंदा आहे, अशा फाईलने फोनमधले ओटीपी जातात.

राहिली गाडी बंद पडली तर इतरांना कसं सांगायचं ती गोष्ट, जी सगळ्यात कमी लोक नीट करतात. शक्य तेवढी डावीकडे घ्या, चारी इंडिकेटर लावा, माणसांना गाडीतून उतरवून बॅरिअरच्या पलीकडे उभं करा, गाडीत बसवून ठेवू नका. डिकीत लाल त्रिकोण असतो तो काढा, नसेल तर आजच घ्या. गाडीमागे निदान पन्नास मीटर, हायवेवर शंभरच्या पुढे, आणि वळण असेल तर वळणाच्या अलीकडे, कारण वळणानंतर ठेवलेला त्रिकोण दिसेपर्यंत उशीर होतो. ठेवायला जाताना त्रिकोण छातीसमोर धरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून चालायचं. रात्री मोबाईलचा टॉर्च खाली रस्त्याकडे हलवत ठेवा, ड्रायव्हरच्या डोळ्यात नको.

त्रिकोण नसला की ट्रकवाले झाडाच्या फांद्या तोडून ठेवतात, मागे दगडांची ओळ लावतात. दिवसा फांदी लांबून दिसते, चांगली खूण आहे. पण टायर बदलून झाला की ट्रक निघून जातो आणि दगड तिथेच, फुटबॉलएवढे, लेनच्या मधोमध. रात्री टू व्हीलरच्या हेडलाईटमध्ये तो दगड वीस मीटरवर आल्यावर दिसतो. ताम्हिणीतल्या त्या मुलाचं मनगट आता बरं आहे, गेल्या महिन्यात शिरवळजवळ तो आणि मी एका ट्रकवाल्याला टायर बदलताना भेटलो, म्हणजे माझ्याच गाडीतून चाललो होतो, आणि टायर झाल्यावर त्या मुलाने स्वतः उतरून सातही दगड उचलून गटारापलीकडे टाकले, शेवटचा तर दोन्ही हातांनी.